बालवाडीची किल्ली

आप्पांची एक खोड होती. मीटिंगच्या खोलीची किल्ली ते भरवशाच्या माणसाकडे कधीच ठेवायचे नाहीत. सगळ्यात नवा आणि सगळ्यात डळमळीत जो असेल, त्याच्या हातात द्यायचे. शहाण्णव साली तो मान माझ्याकडे आला. दारू सोडून मला सोळा दिवस झाले होते.

"मला कशाला देताय? उद्या मी कुठं असेन, मलाच ठाऊक नाही."

"म्हणून तर. भरवशाच्या माणसाला किल्ली कशाला रं तम्मा? त्यो येतोयच की."

आप्पा गडहिंग्लजकडचे. कपाळावर विभूती, डोक्यावर पांढरी टोपी, गुळाच्या अडतीवर दिवाणजी. धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं आम्हा सगळ्यांना तम्मा म्हणायचे. बारा वर्षांत त्यांनी थेंब घेतला नव्हता. शुक्रवार पेठेतल्या एका बालवाडीत शनिवारी संध्याकाळी सहाला आम्हा दारुड्यांची मीटिंग भरायची. डॉक्टर नाही, महाराज नाही. आठ-दहा जण सतरंजीवर गोल करून बसायचो आणि एकेक जण आपलं सांगायचा, बाकीचे गुमान ऐकायचे.

तिथं मी सुखासुखी गेलो नाही. माझी बायको सुनंदा पोरीला घेऊन हातकणंगल्याला माहेरी निघून गेली, तेव्हा या मीटिंगच्या पत्त्याची चिठ्ठी आरशाला खोचून गेली होती. तीन शनिवार मी त्या गल्लीतून नुसता चालत गेलो. चौथ्या शनिवारी दारात उभे असलेले आप्पा म्हणाले, "पावणं, तीन आठवडं बघतोय. लई फिरलासा. आत या की आता."

बोलायची पाळी आली की आप्पा आधी उठून दाराची कडी लावायचे. त्यांची लेक महादेवी त्याच गल्लीत, शेवटच्या घरात दिलेली. व्याह्यांना आप्पांच्या दारूचा पत्ता नव्हता. "त्यास्नी वाटतंय, मी भजनाला येतोय," असं म्हणून हसायचे, पण कडी लावायला विसरायचे नाहीत.

किल्ली घेतल्याला दोन आठवडे झाले आणि शनिवारी दुपारी माझा मेहुणा कारखान्यात आला. मी लेथवर होतो. "ताई आता येणार नाही. वाट बघू नका," एवढंच बोलून गेला. मी मशीन बंद केली. पाच वाजता मी स्टँडजवळच्या परमिट रूममध्ये बसलो होतो. पेला भरलेला, सोडा ओतलेला. घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर किल्ली टेबलावर पडली.

माझं डोकंच सणकलं. आप्पांना मी मनातल्या मनात नाही नाही त्या शिव्या दिल्या. घड्याळात सहा वाजले, सव्वासहा झाले. बाहेर रस्त्यावर माणसं उभी असतील. इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला पाळी संपवून दोन गाड्या बदलून यायचा, तोही असेल. पेल्याला मी दोनदा हात लावला. साडेसहाला पेला तसाच टाकून उठलो आणि पळत सुटलो.

गल्लीच्या तोंडाशीच आप्पांचा आवाज ऐकू आला. बालवाडीच्या पायरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ते बोलत होते. "माझं नाव आप्पा. मी दारुडा हाय." समोर, पिशवी हातात धरून त्यांचे व्याही उभे होते. ते घराकडं वळले.

मागाहून कळलं की दुसरी किल्ली जवळच बालवाडीच्या बाईंकडे होती. कुणीतरी ती आणायला निघालं तर आप्पांनी अडवलं होतं. "त्यो येणार. आला आणि दार उघडंच दिसलं, तर माघारी जाईल."

मी कुलूप उघडायला गेलो, पण किल्ली भोकात जाईना. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"आप्पा, तुमचे व्याही..."

"बघितलं त्यांनी. तू प्यालास?"

"नाही."

"मग झालं की."

पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. वर्षभरानं सुनंदा परत आली. दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात आप्पा हृदयविकारानं गेले. मी भेटायला गेलो तेव्हा महादेवी दाराशी बसली होती. त्या शनिवारनंतर सासरच्यांनी तिला दोन वर्षं माहेरी धाडलं नव्हतं. तिचं पहिलं बाळंतपणही सासरीच झालं, असं तिनं शांतपणे सांगितलं. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दर शनिवारी आप्पा आमच्या शेजारी बसत होते, आणि मी एकदाही विचारलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

त्या आठवड्यात नवा आलेला माणूस वकील होता, दारू सोडून नऊ दिवस झालेला. आप्पांच्या मागं किल्ली द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं; ती त्याच्या हातात द्यावी की नाही, मला ठरवता येईना. माझ्या पोरीचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडची मंडळी याच पेठेतली, त्यांना माझ्या दारूचा पत्ता नव्हता. शेवटी दिली.

शनिवारी सहा वाजून गेले, तरी वकील आला नाही. वीस मिनिटं झाली. कुणीतरी म्हणालं, "बाईंकडून किल्ली आणू का?"

"नको," मी म्हणालो. पायरीवर बसलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "माझं नाव दत्ता. मी दारुडा आहे."