कंसातल्या मात्रा

"थांब. तो काय म्हणतोय ते पूर्ण वाच."

हे म्हणताना आंटींची तर्जनी स्क्रीनवर टेकलेली असायची आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असायचा. कॉम्प्युटरवर एरर आला की आपण एक तर ती खिडकी बंद करतो, नाहीतर अख्खं मशीनच. तुम्हीही करत असाल. आंटी एरर वाचायच्या. मोठ्याने, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. मग म्हणायच्या, "आता कळलं याला काय हवंय." बहुतेक वेळा ते खरंच कळलेलं असायचं.

सव्वीस वर्षं त्या लंडनमधल्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. "घाबरलेला माणूस आधी वॉर्डचं नाव सांगत नाही," त्या सांगायच्या. "आधी पावसाचं सांगतो, बसचं सांगतो. कामाचं शेवटच्या वाक्यात असतं. तोवर लाइन जोडायची नाही."

लंडनच्या इल्फर्ड भागात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. पुण्याहून येऊन मला चार दिवस झाले होते, तेव्हा पलीकडच्या बागेतून आवाज आला, "काल बजावलं होतं ना, कचऱ्याच्या बिनला हात लावायचा नाही म्हणून?" मी कुंपणावरून डोकावले. एक ठेंगण्या बाई कोल्ह्याला रागवत होत्या. कोल्हा ऐकून घेत होता.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मग काय हा मराठी?" त्या म्हणाल्या.

त्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळच्या अलिबागकडच्या, वाढलेल्या मुंबईत. मी त्यांना काकू म्हणून पाहिलं. "काकू नको. काकू म्हटलं की कुणाला तरी उपदेश करावासा वाटतो. आंटी म्हण." त्यांनी मात्र मला शेवटपर्यंत पत्रकार म्हटलं. पुण्याच्या एका दैनिकात मी नऊ वर्षं डेस्कवर होते, ते सोडून इथे भलतंच काम करत होते, याचं त्यांना काही नव्हतं. "अहो पत्रकार, दूध उतू जातंय," असं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. वास त्यांना माझ्याआधी यायचा.

एका शुक्रवारी सकाळी त्या काखेत जाडजूड काळा लॅपटॉप घेऊन दारात उभ्या राहिल्या.

हा लॅपटॉप त्यांच्या यजमानांचा. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. ते पेटी वाजवायचे आणि आंटी गायच्या. लग्नाआधीच्या मेहंदीला त्यांच्या समाजात बायका मराठी गाणी म्हणतात. लंडनमध्ये ती सगळी येणाऱ्या आंटी शेवटच्या. एक मैत्रीण केअर होममध्ये होती, दुसरी मुलाकडे इस्राएलला गेली होती. यजमानांनी चाळीसेक गाणी या लॅपटॉपवर टाइप करून ठेवली होती. त्या गाण्यांच्या छापील कागदांची फाइल आंटींनी स्वतःच जुन्या वर्तमानपत्रांबरोबर रीसायकलिंगला देऊन टाकली होती. त्यांना तिची गरज कधी पडली नव्हती, सगळं पाठ होतं.

"आता नातीची मेहंदी आली," त्या म्हणाल्या. "पहिली दोन कडवी येतात. तिसऱ्याला समोर भिंत. आणि हा उठत नाही."

लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ यायची: सुरू होण्यासाठी लागणारी एक फाइल सापडत नाही. तिथेच सगळं थांबायचं. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून नवं टाकून देतो असं सांगितलं होतं. "मी म्हटलं, बाबा, घर रंगवायला सांगितलंय, पाडायला नाही."

मेहंदीला तीन आठवडे होते.

मी चौकशी केली तेव्हा कळलं की एक फुकट मिळणारी सिस्टिम असते. ती डिस्कवर उतरवायची आणि लॅपटॉप त्या डिस्कवरून सुरू करायचा. आतलं काही न पुसता फाइली पेन ड्राइव्हवर काढता येतात. मी एका सहकाऱ्याचा डीव्हीडी रायटर आणला, फाइल उतरवली, डिस्क केली आणि रविवारी शेजारी गेले. शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; आंटी त्या दिवशी दिव्याच्या बटणालाही हात लावत नसत.

डिस्क घातली. लॅपटॉपने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तीच काळी पाटी, तीच पांढरी ओळ.

सुरू होताना एक बटण दाबून धरलं की आधी कुठे बघायचं ते त्याला सांगता येतं, असं वाचलं होतं. आंटींनी ते बटण शेजाऱ्याच्या बेलसारखं दाबलं. निळा पडदा आला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचून काढला, अगदी बॅटरीच्या माहितीसकट, आणि डिस्क पहिल्या नंबरावर आणली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच ओळ.

"ड्राइव्ह गेला असेल," मी म्हणाले.

आंटींनी लॅपटॉपच्या कडेला कान लावला. "गेला नाहीये. फिरतो, थांबतो, परत फिरतो. वाचायला काही मिळत नाहीये त्याला. तू डिस्कवर ठेवलंयस काय?"

मी रायटर माझ्या लॅपटॉपला जोडून दाखवलं. डिस्कवर एक फाइल होती.

"एकच?"

"एकच. पण मोठी आहे."

"म्हणजे पाकीट न फोडताच त्याच्यापुढे ठेवलंस."

नेमकं तसंच झालं होतं. ती फाइल डिस्कवर नुसती कॉपी करायची नसते. ती उलगडून लिहायची वेगळी आज्ञा असते. सूचनेतली ती ओळ मी गाळून वाचली होती. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गाळलेल्या ओळी शोधून पगार घेतला, याची आठवण आंटींनी करून दिली नाही. चहा मात्र जरा जास्त गोड केला.

त्याच संध्याकाळी त्या नवस बोलल्या: लॅपटॉप उठला तर मलिदा. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, खजूर आणि फळं. एलियाहू हनाबी या प्रेषितांच्या नावाने प्रार्थना करून सगळ्यांना वाटायचं. त्यांच्यात नवस फेडायची हीच रीत.

"हनाबींना कॉम्प्युटरचं कळतं का?" मी विचारलं.

"त्यांना सगळं कळतं. डिस्क मात्र तू नीट करायची."

पुढच्या रविवारी दुसरी डिस्क नेली. या वेळी ती लागली, पडदा हलला, आणि इंग्रजीत नवाच मजकूर आला. मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब! काहीतरी वेगळं म्हणाला आज." आंटी खुर्चीत पुढे सरकल्या आणि वाचू लागल्या. अर्थ इतकाच होता की ही सिस्टिम नव्या जातीच्या प्रोसेसरसाठी आहे आणि इथे सापडलेला जुन्या जातीचा आहे.

"प्रगती आहे," आंटी म्हणाल्या. "गेल्या रविवारी बोलत नव्हता. आज भांडतोय."

"त्याला जुनी डिस्क हवी आहे."

"मग दे की. म्हाताऱ्याला त्याच्या वयाचं कुणी बोलायला दे."

जुन्या मशीनवर चालणारी जुनी आवृत्ती शोधण्यात चार दिवस गेले. ती डिस्क शुक्रवारी दुपारी तयार झाली. मेहंदी पुढच्या गुरुवारी. हिवाळ्यातला शुक्रवार म्हणजे साडेतीनला मेणबत्त्या लावायच्या, की शब्बाथ सुरू. मी अडीचला गेले तेव्हा आंटींचा स्वयंपाक आटोपला होता आणि लॅपटॉप ओट्यावरच मांडला होता.

डिस्क फिरली. मिनिटभर काहीच नाही. मग रंगीत पडदा आला आणि त्यावर दोन चौकोन. घाईत मी माउस उजवीकडच्या चौकोनावर नेला होता. आंटींनी माझं मनगट धरलं.

"पूर्ण वाच."

उजवीकडे लिहिलं होतं 'इन्स्टॉल'. त्यातून पुढे गेलं की जुनं सगळं पुसलं जाऊ शकत होतं. डावीकडे लिहिलं होतं 'इन्स्टॉल न करता वापरून पाहा'. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ बराच वेळ होते.

डावीकडे गेलो. फोल्डर सापडलं, चाळीस फाइली होत्या. पेन ड्राइव्हवर घेतल्या, माझ्या लॅपटॉपवर पहिली उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, डॉलर, उलटे स्वल्पविराम. ओळीच्या ओळी. दुसरी उघडली, तेच.

"नातीला देवनागरी येत नाही म्हणून रोमनमध्ये हवीयत," आंटी म्हणाल्या, "पण असं रोमन नव्हे."

हे दुखणं मला माहीत होतं. आज मराठी कुठल्याही फोनवर दिसतं. त्या काळी मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर असायचं. मशीनच्या लेखी अक्षरं इंग्रजीच. त्यांना मराठी चेहरा द्यायचं काम फॉन्टचं. तो फॉन्ट जुन्या लॅपटॉपमध्येच राहिला होता. आमच्या डेस्कवर अशा जुन्या बातम्या कायमच्या गेलेल्या मी पाहिल्या होत्या. ते मी आंटींना सांगितलं नाही.

"म्हणजे शब्द आणलेस, अक्षरं तिथेच ठेवलीस," त्या म्हणाल्या, आणि घड्याळाकडे पाहून उठल्या. "रविवारी बघू."

"आंटी, दहा मिनिटांचं काम आहे. तो परत उठला नाही तर?"

"तर रविवारी रडू. उद्या काळजीला सुट्टी."

शनिवारभर काळजी मी केली. भिंतीपलीकडून दुपारी घोरण्याचा आवाज आला.

रविवारी लॅपटॉप तिसऱ्या प्रयत्नाला उठला. मी फॉन्टचं अख्खं फोल्डरच उचललं, त्यातला नेमका फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर टाकला आणि फाइल पुन्हा उघडली. टक्के आणि डॉलर जाऊन त्यांच्या जागी काना, मात्रा, वेलांट्या आल्या. आंटींनी तर्जनी टेकवली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं कडवं, दुसरं, मग तिसरं. तिसऱ्याला त्या वाचता वाचता गाऊ लागल्या आणि मध्येच थांबल्या.

ओळीच्या शेवटी कंसात लिहिलं होतं: 'येथे हिला दम लागतो. एक मात्रा थांबणे.'

"मला दम लागायचा?" आंटी म्हणाल्या. "यांची पेटीच मागे पडायची!"

आम्ही पुढच्या फाइली उघडत गेलो. तसले कंस बऱ्याच गाण्यांत होते. फाइलवर तारीख असते. जुन्या फाइलींत एक मात्रा होती. मधल्या वर्षांत दोन झाल्या. सर्वांत शेवटी टाइप केलेलं गाणं मेहंदीचंच, पंधरा कडव्यांचं. तिथे सातव्या कडव्याशी लिहिलं होतं: 'चार मात्रा. घाई न करणे. पेटीवर भरून काढणे, म्हणजे कोणास कळणार नाही.'

आंटींनी हे मोठ्याने वाचलं नाही. त्यांनी एखादी ओळ मनात वाचल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मान खाली घालून वाजवायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्याकडे लक्षच नाही यांचं." मग चष्मा पुसून, "चल पत्रकार, लिही. मी सांगते. कंसातलं घेऊ नकोस."

त्या सांगत गेल्या, मी रोमनमध्ये टाइप करत गेले. कंसातले शब्द घेतले नाहीत. पण जिथे जितक्या मात्रा होत्या तिथे तितकी टिंबं दिली. मूळ प्रतीत जे आहे त्याची काहीतरी खूण राहावी, एवढाच विचार होता.

मंगळवारी मलिदा झाला. बुधवारी नातीने प्रती काढल्या. गुरुवारी एका हॉलमध्ये पंधरा-वीस मुली हातात कागद घेऊन बसल्या. नातीच्या हातांना मेहंदी लागलेली, त्यामुळे तिचा कागद दुसरीने धरला होता. आंटी मधोमध खुर्चीवर, कागदाशिवाय. चार दिवसांत त्यांनी पंधराही कडवी पुन्हा पाठ केली होती.

सातव्या कडव्यापर्यंत सगळं जोरात चाललं. ओळ संपली, आंटींनी श्वास घ्यायला तोंड उघडलं, आपण मागे पडणार म्हणून 'तुम्ही चला' असा हात वर केला, आणि हॉल शांत झाला. सगळ्या मुली थांबल्या होत्या. कागदावर चार टिंबं होती. आंटींनी सावकाश श्वास घेतला आणि सगळ्या मिळून पुढे गेल्या.

नंतर त्यांनी मला चहाच्या टेबलाशी गाठलं.

"कंसातलं घेतलंस."

"शब्द नाही घेतले."

"लबाड." त्यांनी माझ्या बशीत आणखी एक करंजी ठेवली. "बरं केलंस."

पुढच्या वसंतात आंटी गेल्या. दोन दिवस हॉस्पिटलात होत्या, आपल्याच जुन्या हॉस्पिटलात. तिथली नवी ऑपरेटर फोन फार लवकर जोडते, अशी त्यांची तक्रार होती. शेजारच्या घरात आता कुणी दुसरं राहतं.

या उन्हाळ्यात नातीने मला कॉव्हेंट्रीला बोलावलं. तिच्या चुलतबहिणीची मेहंदी होती आणि गाणी नातच सांगणार होती. मुलींच्या हातात आता कागद नव्हते. काहींकडे फोन होते, बऱ्याच जणींना पाठ होतं. पेटी कुणालाच येत नव्हती, नुसत्या टाळ्या. सातवं कडवं आलं. ओळ संपली आणि सगळ्या एकदम थांबल्या. टाळ्याही थांबल्या. बाहेरून बस गेल्याचा आवाज आला.

माझ्या शेजारी नवऱ्या मुलाची मावशी बसली होती. गाणं संपल्यावर तिने नातीला विचारलं, "सातव्या कडव्याला का गं थांबलात? विसरलात?"

"नाही नाही," नात म्हणाली. "तसंच आहे ते गाणं."

ती पंचविशीची आहे. दम तिला लागलेला नव्हता.