सिद्राम मिस्त्रीची वाकडी फ्रेम

बसवराजचा फोन आला तेव्हा मी भोकरला मुलीकडे भाजी निवडत बसलो होतो. "काका, अप्पा गेले… सकाळीच लिंगैक्य झाले," एवढंच तो बोलला. नांदेडच्या दवाखान्यात आठच दिवसांपूर्वी मी त्याच्या अप्पाला, म्हणजे माझ्या चाळीस वर्षांपासूनच्या दोस्ताला, सिद्रामला भेटून आलो होतो. त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मेथीची जुडी हातात तशीच राहिली. दुपारी त्याच्या गावी, शिरूर अनंतपाळला पोचलो. अंगणात त्याला खुर्चीवर बसवलं होतं. त्यांच्या लिंगायतांत बसवूनच नेतात. कपाळभर विभूती, गळ्यात हार. मान मात्र सारखी डावीकडे कलत होती आणि भाऊबंदांपैकी कोणीतरी पुन्हा पुन्हा उठून ती सरळ करत होतं. "राहू द्या हो, त्याला तसंच चालतं," असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण बोललो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सिद्राम मिस्त्री म्हणजे आमच्या तालुक्यातला नावाजलेला गवंडी. त्याच्या भिंतीला ओळंबा लावा, केसभर फरक सापडायचा नाही. आणि अशा माणसाच्या बैठकीत, दारासमोरच्याच भिंतीवर, एक फ्रेम चांगली चार बोटं वाकडी! येणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जायचा. सिद्राम जागचा न हलता म्हणायचा, "राहू द्या, ते तसंच हाय." लोक चेष्टा करायचे, "मिस्त्री, गावाच्या भिंती सरळ केल्या, आन् घरचा एक खिळा सरळ ठोकता येईना का?" तो नुसता हसायचा. कारण सांगायचा नाही, कारण त्यात माझं नाव आलं असतं. ती फ्रेम माझ्यामुळे वाकडी होती. चाळीस वर्षं त्यानं मला सांभाळून घेतलं. आता तो नाही, तेव्हा मीच सांगून टाकतो.

तरुणपणी सिद्राम एका कंपनीच्या बांधकामावर इराकला गेला होता. मोसुल शहरात दोन वर्षं राहिला. तिथला युनूस नावाचा गवंडी त्याच्या जोडीला होता. याला अरबी येत नव्हती, त्याला मराठी कुठून येणार. पण सिद्राम सांगायचा, आपले निम्मे शब्द तिथं चालतात. साबण म्हटलं की साबण मिळायचा, इमारत म्हटलं की कळायचं, आणि दोघांनी मिळून "दुनिया" म्हणून उसासा टाकला की पुढचं बोलायची गरज नसायची. युनूसचं घर जुन्या मशिदीमागच्या गल्लीत. त्या मशिदीचा मिनार शेकडो वर्षांचा, विटांचा, आणि चक्क एका बाजूला झुकलेला. गावातले लोक त्याला कौतुकानं कुबडा म्हणायचे. सिद्रामच्या गवंडी डोळ्याला ते बघवेना. रोज संध्याकाळी त्याच्याखाली उभं राहून दोघांचा वाद ठरलेला. हा म्हणायचा, पडणार. तो म्हणायचा, माझ्या आज्यालाही लोक हेच सांगत होते. परत यायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिथल्या फोटोवाल्याकडून एक फोटो काढून घेतला. मागे मिनार, पुढे हे दोघे, आणि युनूसचा हात सिद्रामच्या खांद्यावर. वहीच्या पानाएवढी, एकच प्रत.

ती प्रत त्यानं फ्रेम करायला माझ्याकडे टाकली आणि तो बिलोलीकडे कामाला निघून गेला. माझा फोटो स्टुडिओ नवाकोरा होता, आणि अंगात मस्ती होती. फोटो जरा तिरका दिसला की मला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. वाटलं, परदेशातला फोटोवाला असून कॅमेरा सरळ धरता आला नाही गड्याला! विचारायचं सुचलंच नाही. मी स्टीलची पट्टी मिनाराला समांतर लावली, चारी बाजूंनी कटर चालवला आणि मिनार सरळ करून टाकला. त्या भानगडीत कडेला उभा असलेला माणूस कापला गेला. असेल कोणी, असं म्हणालो असेन मनात. त्याचा पंजा तेवढा सिद्रामच्या खांद्यावर उरला होता. तोही ब्रशनं रंगवून घालवायचा विचार होता, पण सिद्राम ठरल्यापेक्षा आधी आला.

त्यानं फ्रेम हातात घेतली. "मुकुंदा, मिनार वाकडाच हाय रे तिथं."

"मग! आता केला की नाही सरळ?" मी हसत म्हणालो.

"आन् युनूस?"

तेव्हा कुठं मला त्या पंजाचा अर्थ कळला. आम्ही दोघं दुकानामागे धावलो. कचरा सकाळीच पेटवून दिलेला होता. सिद्रामनं काडीनं राख उकरली, मग काडी टाकून दिली. "जाऊ दे. हात तर राह्यलाय," म्हणाला. घरी जाऊन त्यानं फ्रेम अशी टांगली, की मिनार पुन्हा झुकला आणि तो स्वतः सरळ उभा राहिला. फ्रेमच्या मागे एका कडेला पुठ्ठ्याची घडी खोचलेली असायची, सरकू नये म्हणून. मी गेलो की चहा यायचा, गप्पा व्हायच्या, आणि मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचो.

युनूसला त्यानं पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. तिकडे एकामागून एक लढाया झाल्या. मग एक दिवस टीव्हीवर मिनाराच्या जागी विटांचा ढीग दिसला. सिद्रामचा मला फोन आला. "बघितलास का?" मी म्हणालो, "हो रे… पडला शेवटी." तो एकदम चिडला. "पडला न्हाई. पाडला. आपणहून पडणारा नव्हता त्यो, युनूस बरोबर बोलत व्हता." एवढ्या वर्षांत माझ्यावर तो तेवढाच एकदा ओरडला.

त्यानंतर त्यानं ध्यासच घेतला, युनूस जिवंत आहे का ते शोधायचं. बसवराज मोबाईलवर तिकडच्या लोकांना लिहायला तयार होता, पण त्यानं आधी विचारलं, दिसायला कसे होते? आणि सिद्रामला सांगता येईना. मी तोवर नांदेडला मुलाकडे राहायला आलो होतो. तो एसटीनं माझ्याकडे आला, हातात ती फ्रेम, धोतरात गुंडाळलेली. "मला त्येचं बोलणं याद हाय, हसणं याद हाय. तोंडच याद येईना गेलंय, मुकुंदा. तू कापताना बघितलं असशील. कसा व्हता रे?"

मी बघितलंच नव्हतं. त्या चेहऱ्याकडे नीट बघायची संधी मिळालेला शेवटचा माणूस मी, आणि मी पट्टीकडे बघत होतो. पण म्हातारा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता… मी म्हणालो, "गोल चेहरा. दाट मिशी. हनुवटीवर तीळ." सिद्रामचे डोळे भरून आले. "हाव, हाव… तीळ व्हता!" बसवराजनं ते तसंच सगळीकडे लिहून टाकलं. एका तिळवाल्या माणसाचा शोध सुरू झाला, जो कधी नव्हताच. कुणाचं उत्तर आलं नाही. कसं येणार? खरं सांगावं असं मला दर भेटीला वाटायचं आणि दर भेटीला मी परत घरी यायचो.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या भेटीत तो खुशीत होता. मिनार पुन्हा उभा राहिल्याचं बसवराजनं त्याला मोबाईलवर दाखवलं होतं. जुने फोटो बघून, सापडल्या तेवढ्या जुन्या विटा घालून, आणि झुकलेलाच बांधलाय. "शहाणे गवंडी हायत," सिद्राम म्हणाला. "मिनार आला परत, आता युनूस बी सापडंल. रोज दिसून राह्यला मला… गोल चेहरा, दाट मिशी, आन् हितं तीळ." त्यानं स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? युनूसचा खरा चेहरा मीच कापून टाकला होता, आणि त्याच्या जागी माझं खोटं घेऊन तो समाधानानं निघाला होता.

दिवसकार्य झाल्यावर महानंदावहिनींनी फ्रेम माझ्या हातात दिली. "भावजी, ह्यांनी सांगून ठेवलं व्हतं, मुकुंदाला द्या. कशी लावायची ते त्येलाच ठाव हाय." आता ती माझ्या खोलीत आहे, पुठ्ठ्याच्या त्याच घडीसह. झाडताना सूनबाई ती सरळ करते, मी पुन्हा वाकडी करतो. काल तिनं विचारलं, "बाबा, हा हात कुणाचा?" मी म्हणालो, युनूसचा. "कसे दिसायचे ते?" गोल चेहरा, दाट मिशी, हनुवटीवर तीळ… मी न अडखळता सांगून गेलो. ती खोलीतून गेल्यावर फ्रेमपुढे उभा राहिलो आणि खरा चेहरा आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. स्टीलची पट्टी तेवढी आठवली.