मुरगूडचे पोहे आणि माझं नाक

लहानपणापासून मला जेवणात साबणाचा वास यायचा. रोज नाही, अधूनमधून. आईनं बिचारीनं साबणाच्या वड्या बदलल्या, मग राख आणली, मग लिंबाच्या साली. वास काही जाईना. 'जगात कुणाला येत न्हाय, ह्या साहेबालाच येतोय,' असं म्हणायची आणि परत भांडी घासायला बसायची.

तर हे साहेब आई आणि मामाला घेऊन मुरगूडला मुलगी बघायला गेले. मुलगी कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी. फोटो बघूनच मी निम्मा विरघळलो होतो. निघताना आईनं बजावलं, 'तिथं तोंड उघडायचं ते फक्त खायला.'

पोहे आले, वर कोथिंबीर मुठीनं पेरलेली. पहिला घास घेतला आणि तोच वास. माझी जीभ काय गप्प बसतेय? म्हणालो, 'मावशी, डिश जरा खळबळून घ्यायची हुती.'

मुलीच्या आईचा चेहरा खर्रकन उतरला. मामानं माझ्या मांडीला चिमटा काढला. झालं, आता हात हलवत कोल्हापूर. पण मुलगी उठून आत गेली आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन आली.

'हुंगा.'

हुंगलं. 'ह्यालाच साबण लागलाय की.'

ती खुदकन हसली. 'साबण न्हाय, तुमचं नाक तसं हाय.' मग तिनं सगळ्यांसमोर तासच घेतला. नाकात वास धरणारी प्रथिनं असतात, ती कशी घडवायची ते जनुकं सांगतात. त्यातलं एक जनुक काही जणांत जरा वेगळं असतं, आणि त्यांना कोथिंबीर साबणासारखी लागते. जन्माचंच आहे, औषध नाही.

'आणि मी राखंनं हात सोलून घेतलं,' आई म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामानं तेवढ्यात घोडं पुढं दामटलं. 'मग पोरी, पोरगा पसंत का?'

मुलीनं माझ्या अर्धवट डिशकडं बोट दाखवलं. 'माझ्या आईनं केल्यात. आधी ते संपवू द्यात, मग बघू.'

मी श्वास रोखला आणि डिश चाटूनपुसून साफ केली. तिच्या आईनं भीत भीत विचारलं, 'पावणं, अजून वाढू?'

मी मुलीकडं बघितलं. ती खाली मान घालून जुडी निवडत होती.

'वाढा की,' म्हणालो. 'आणि वरनं कोथिंबीर बी.'