दत्तमहाराजांशी भांडलो ती दुपार

त्या दुपारी मी दत्तमहाराजांशी भांडलो, हे आधीच कबूल करतो. गाडीत एकटाच होतो आणि अक्षरशः ओरडत होतो. माझी बायको नर्स. ती वाळवंटातल्या एका छोट्या गावाच्या दवाखान्यात करारावर गेली होती, मी नोकरीमुळे दूर केलीव्हिलच्या घरीच राहिलो होतो. ती गरोदर होती; सातवा महिना लागला की तिला शहरात हलवायचं ठरलं होतं. पण तिथला मॅनेजर दर आठवड्याला “नो वरीज, मेट” म्हणायचा आणि तारीख पुढे ढकलायचा. आठव्यात तिचं बीपी वाढलं, तेव्हा मी भाड्याची गाडी घेऊन तिला आणायला निघालो. इतकी वर्षं नामस्मरण करतोय, त्याचं हे फळ?

दवाखान्याच्या तासभर अलीकडे रस्ता एका कोरड्या नदीच्या पात्रातून जातो. माझ्या डोक्यावर कडक ऊन होतं. दूरच्या डोंगरांवर मात्र काळे ढग ठाण मांडून बसले होते, हलायला तयार नव्हते. पात्रात घोटाभर लाल पाणी आलेलं. फोनला रेंज नाही. मी गाडी घालणार तोच रस्ता सपाट करणाऱ्या यंत्रावरून एक साठीची बाई उतरली आणि बॉनेटसमोर उभी राहिली.

“इंजिन बंद कर.”

“एवढंसं तर पाणी आहे. माझी बायको पलीकडे आहे, आठवा महिना चालू आहे.”

“वर डोंगरात सकाळपासून पाऊस एकाच जागी कोसळतोय. ते सगळं इथूनच जाणार. तू वाहून गेलास तर तिला काय उपयोग?”

मी तिला नको ते बोललो. तिने शांतपणे खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

थोड्या वेळाने दगड घरंगळल्यासारखा आवाज आला. मग झाडांची खोडं, कुंपणाच्या तारा आणि लाल पाण्याचा लोंढा. बघता बघता पुरुषभर पाणी झालं. तरी माझा राग जाईना. पाऊस पाडायचा तर आजच?

तिने यंत्रातून सॅटेलाइट फोन आणून माझ्या हातात दिला. मी दवाखान्यात फोन लावला. तिथली सिस्टर म्हणाली, “आम्ही कधीपासून तुला फोन लावतोय. तिला विमानाने शहरात नेलं. धावपट्टीवर चिखल व्हायच्या आत निघालं विमान.”

मी तिथेच मातीत बसून रडलो. त्या बाईची माफी मागितली. “रोज कोणीतरी शिव्या देतंच,” म्हणत तिने मला थर्मासमधला चहा दिला.

दोन दिवसांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मॅनेजरवरचा राग अजून गेलेला नाही. मी तक्रार केली आहे आणि ती मागे घेणार नाही. शरण जाणं म्हणजे अन्याय गिळणं, असं मला वाटत नाही. पण त्या दुपारी मी पात्र ओलांडलं असतं, तरी ती पलीकडे नव्हतीच. मी ओरडत होतो त्या वेळी तिची सोय झालेली होती, मला फक्त ठाऊक नव्हतं. हल्ली महाराजांसमोर उभा राहिलो की काही मागायचं असतं, पण आधी डोळेच भरून येतात.