ओढ्यातले अकरा दगड

रविवार, १८ मे. सकाळी साडेसहाला निघालो. लेक, मुलगा आणि मी. राष्ट्रीय उद्यानात ओढ्यापर्यंत चालत जाऊन आलो. ऊन कडक. पाखरू एकही दिसलं नाही.

पाखरू न दिसल्याची नोंद रेकॉर्डबाईंनी मुद्दाम केली. इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षं काढलेली बाई; घडलं ते तर लिहायचंच, पण घडायला हवं होतं आणि घडलं नाही, तेही. घरचेसुद्धा त्यांना थट्टेनं रेकॉर्डबाईच म्हणत.

हल्ली त्या थट्टेला धार आली होती. एकदा भाजी करपून कोळसा झाली, एकदा किल्ली आतच राहिली, आणि मुलानं ठरवूनच टाकलं, की आईनं आपला फ्लॅट बंद करून त्याच्याकडे राहायला यायचं. "तुझ्या आठवणीचा आता भरवसा नाही, आई."

बाईंना ते झोंबलं. "छत्तीस वर्षांपूर्वी आपण त्या ओढ्यावर गेलो होतो. वळण न् वळण सांगते. चुकले तर मुकाट्यानं सामान बांधते."

म्हणून ही पायपीट. त्या वर्षीची डायरी पिशवीत होती, पण बाईंनी ती उघडली नाही.

पहिल्या फाट्यावर डावीकडे. बरोबर. मग दोन खडकांमधली चिंचोळी वाट. बरोबर.

"काय साहेब, मार्क देताय ना?"

मुलगा घाम पुसत हसला. पण जसजसे आत गेले, तसतसं रान गप्प होत गेलं. पान हलेना, किडा किरकिरेना. आवाज काय तो तिघांच्या पावलांचा, आणि तोही जरा उशिरा पोचल्यासारखा.

"आता ओढा. अकरा दगड आहेत, चौथा डुगडुगतो," बाई मुलाला म्हणाल्या. "मी तुला हात धरून नेलं होतं. चार वर्षांचा होतास."

लेक थबकली. "आई, तू नव्हतीस गं."

"नव्हते म्हणजे?"

"तुला कांजिण्या झाल्या होत्या. मागच्या खोलीत कोंडून घेतलं होतंस. आम्ही बाबांबरोबर आलो होतो. संध्याकाळी बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून सांगत होते, आणि तू आतून लिहून घेत होतीस."

अंगाची आग, बंद दार, पलीकडून नवऱ्याचा आवाज. बाईंना सगळं एकदम आठवलं. वॉर्डातल्या नर्सनं फोनवर सांगावं आणि यांनी डोळ्यांदेखत घडल्यासारखं उतरवून घ्यावं, ही नोकरीतली सवय. घरीही तेच झालं होतं. पुढे ते वाचून वाचून त्यांनी ते आपण स्वतः पाहिलंय असंच धरलं.

"हरले मी," त्या म्हणाल्या. "बांधते सामान."

मुलगा दगडांकडे बघत होता.

"ताई, मग माझा हात कुणी धरला होता?"

"बाबांनी. आणखी कोण?"

"बाबांनी तुला पाठुंगळी घेतलं होतं. तुझ्या पायात काच घुसली होती."

लेकीला ते आठवत होतं. "मी डोळे मिटून रडत होते रे. मला काही दिसलं नाही."

"बाईचा हात होता. तापलेला, चटका बसेल असा. 'चौथा डुगडुगतो, जपून,' असं म्हणाली. मी आजवर आईच समजत होतो."

बाईंनी डायरी उघडली. स्वतःचंच अक्षर, तापात वाकडंतिकडं झालेलं: 'धाकट्याचा हात मी धरला.' दाराआडून नवरा अगदी सहज म्हणाला होता, "तू त्याचा हात धरलास म्हणून बरं, नाहीतर गेलाच होता पाण्यात." आजारी बायकोचं मन राखायला म्हणत असतील, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

ओढा कुणीच ओलांडला नाही. परतताना मुलगा पुढे चालत होता, आणि मधूनमधून वळून आईच्या हातांकडे बघत होता.

घराच्या दारात त्यानं पिशवी आईच्या हातात दिली नाही. खाली ठेवली.

"सामानाचं राहू दे, आई. तू इथेच बरी आहेस."

"अरे, पण पैज?"

"राहू दे म्हटलं ना."

तो जिना उतरून गेला. बाईंनी दिवा लावला, पेन घेतलं, दिवसाची नोंद केली आणि तिच्याखाली लिहिलं: दूधवाल्याला सांगितलं, अर्धा लिटर चालू ठेव.