हात आडवा म्हणजे नाही

आमच्या गावात जेवायला बसलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही. तो पानावर हात आडवा धरून "बस, बस" म्हणतो, वाढणारा त्याच्या बोटांच्या फटीतून वरण सोडतो आणि दोघंही खूश होतात. यालाच आग्रह म्हणायचं. आमच्या पट्ट्यात तलमडुगुपासून पार वांकिडीपर्यंत कोणत्याही गावात विचारा, आग्रह झाला नाही तर ती पंगत झालीच नाही असंच सांगतील.

आणि आग्रहात माझ्या काकूचा हात धरणारं कोणी नाही. मारुतीच्या देवळात सप्ताह संपला की गावजेवण होतं, त्याचं वाढप वर्षानुवर्षं तिच्याकडे. पोट धरून उठलेली माणसं तिचं कौतुक करत घरी जातात. बाईची जीभही पळीसारखीच चालते, त्यामुळे तिला नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती.

माझी धाकटी बहीण त्या पंगतीत लहानपणी एकदाच बसली. तिला ऑटिझम आहे. हा शब्द आम्हाला नागपूरच्या डॉक्टरांनी फार उशिरा दिला. तोवर गावाने आपले शब्द वापरून घेतले होते. तिच्या पानात भाताला वरण लागलेलं चालत नाही, भाजीचा रस्सा पोळीकडे आलेला चालत नाही. हे नखरे नव्हेत. आपल्या अंगावर कोणी गरम पाणी टाकलं तर आपण जसे दचकू, तसं तिचं होतं. त्या दिवशी तिने पानावर दोन्ही हात आडवे धरले होते. वाढणाऱ्याने रीतीप्रमाणे त्यांच्यावरूनच वरण ओतलं. ती किंचाळून उठली, पत्रावळीला पाय लागला, आणि अन्नाचा अपमान झाला म्हणून आईला भर पंगतीत बोलणी खावी लागली. मला तो राग अजून आहे. तेव्हापासून बहिणीचा प्रसाद डब्यातून घरी यायला लागला.

आता ती तिशी ओलांडून गेली आहे. आमच्या किराणा दुकानात बसते, वजन करते, पुड्या बांधते. गेल्या सप्ताहाच्या आधी मी माहेरी आले होते, तेव्हा काकू बुंदीसाठी बेसन घ्यायला दुकानात आली. बहीण काट्याकडे बघतच म्हणाली, "मले पंगतीत बसाचं हाये."

मला वाटलं, काकू सगळ्यांसारखं "हो बाई, बसशील" म्हणेल आणि विषय मिटवेल. पण तिने थैली खाली ठेवली आणि विचारलं, "मंग काऊन नाई बसत?"

इतक्या वर्षांत हे तिला आमच्यापैकी कोणीही विचारलं नव्हतं. बहिणीने सरळ सांगितलं, "तुमी इचारत नाई. वाढूनच देता."

आता काकूचा पट्टा सुटणार, असं धरून मी मध्ये पडायच्या तयारीत होते. पण ती रिकामी थैली उचलून तशीच निघाली. बेसनही विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. पानाजवळ वाकून तिने विचारलं, "वरण?" बहिणीने हात आडवा धरला. काकूची पळी तिथेच थांबली, पण सवयीने इतकी कलली होती की एक थेंब भातावर पडलाच. मला हसू फुटलं, त्याबद्दल मी शिव्या खाल्ल्या. बहिणीने तेवढा भात बाजूला काढला आणि म्हणाली, पुन्हा करा. काकूने पुन्हा केलं. मग त्या आठवड्यात ती रोज काकांवर सराव करत राहिली, एकदाच विचारायचं आणि आग्रह करायचा नाही. काकांना वाटलं बायको रुसली. ते बिचारे चार दिवस पोळी मागायला लाजत होते.

काकूने देवळात ही गोष्ट मांडली तेव्हा खरी ठिणगी पडली. देवळाचा कारभार पाहणारे आबाजी, ज्यांना सारं गाव मानतं, ते म्हणाले की आग्रह केला नाही तर पाहुणे गावाला कंजूस म्हणतील. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, आमच्याकडे लोक म्हणतातच. काकूने डोक्यावरचा पदर सारखा केला. "ज्याले पायजे तो मांगन, आबाजी. मांगाले कोनाले लाज वाटू नये, एवढं आपन पाहू."

तिने बादल्या घेऊन धावणाऱ्या पोरांना शिकवलं: आधी विचारायचं, हात दिसला की पुढे जायचं. गावजेवणाच्या आदल्या दिवशी बहिणीला देवळात नेलं आणि जागा तिची तिला निवडायला लावली. तिने भोंग्यापासून लांब, निंबाखाली, ओळीचं शेवटचं पान निवडलं. श्लोक झाला की माईक बंद ठेवायचा, हेही ठरलं. हे सगळं करताना काकूने कुठे उपकाराचा सूर लावला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. जणू मीठ किती लागेल तेच विचारून राह्यली होती.

पंगत बसली. काकूने स्वतः माईकवरून सांगितलं, "हात आडवा केला म्हंजे नाई. पायजे असन तं मांगा." मग माईक बंद झाला.

पहिल्यांदा सुखावले ते साखरेचे रोगी. इतकी वर्षं ज्यांच्या पानात बुंदी बळेच पडायची, ते हात आडवा धरून ऐटीत बसले. गोची झाली ती आमच्या ह्यांची. गावचे जावई, पहिल्या विचारण्याला नाही म्हणायचं, एवढे संस्कार पक्के. ह्यांनी नाही म्हटलं आणि बादली निघून गेली. हे बादलीकडे बघतच राहिले. पंगतीत अशी भिडस्त माणसं बरीच निघाली.

बहीण शेजारीच होती. ती म्हणाली, "भाऊजी, पायजे होती तं हात काऊन धरला?"

शेवटी ह्यांनी मोठ्याने बुंदी मागितली, आणि मग ओळीतून एकेक आवाज यायला लागला. काकू हसत हसत सगळ्यांना वाढत फिरली.

बहिणीच्या पानात मात्र सगळं सुटं होतं. ती आधी कोरडा भात संपवते, मग पोळी, मग भाजी, शेवटी गोड, आणि घाई तिला माहीत नाही. तिची बुंदी सुरू झाली तेव्हा बाकी सगळ्यांची पानं रिकामी झाली होती. आमच्याकडे शेवटचा माणूस जेवल्याशिवाय पंगत उठत नाही. दुसरी पंगत भिंतीशी उपाशी उभी होती. लोक बहिणीकडे बघायला लागले. कोणी आता एक शब्द जरी बोललं तरी ती पान टाकून उठेल, आणि परत कधी इथे येणार नाही, हे मला कळत होतं. आई तर मान खाली घालून बसली होती.

ओळीच्या मधला एक पोरगा उठायला लागला. आबाजींनी त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं.

"बस. पंगत जेवून राह्यली अजून."

मग कोणी हललं नाही. काकू रिकामी बादली घेऊन उभी होती, ती उभीच राहिली. माझे डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत. बहिणीने शेवटचा कण उचलला, बोट पुसलं, पत्रावळीची घडी घातली आणि मान वर केली.

"माहं झालं," ती म्हणाली.

आबाजींनी गुडघ्यांवर हात टेकले, आणि सगळी पंगत उठली.