गिधाडांच्या कड्याखाली

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत प्राणिशास्त्राच्या सरांनी आम्हा तिघांना तेलंगणातल्या बेज्जूरच्या जंगलात गिधाडांच्या अभ्यासाला नेलं. तिघांत मुलगी मी एकटीच, त्यामुळे माझी राहायची सोय फॉरेस्ट गार्डच्या घरी, त्याच्या बायकोजवळ. जो चांगलं काम करील त्याला पुढच्या उन्हाळ्यात हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत पाठवू, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. ती जागा मला हवी होती. वांकिडीच्या मास्तराच्या मुलीला हैदराबाद म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती.

बाबांनी बाजारभर सांगून टाकलं, "पोरगी संशोधन करून राह्यली." कशावर, असं कुणी विचारलं की "पक्ष्यायवर" म्हणायचे. गिधाड हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. मला तेव्हा त्याची गंमत वाटली.

काम कंटाळवाणं होतं. सकाळपासून कड्यासमोर बसायचं आणि कोणत्या घरट्यातला पक्षी गेला, कोणता परतला, ते दुर्बिणीतून बघायचं. दुपारी दुर्बीण हातात धरवत नसे, इतकी तापायची. पण हळूहळू मला ते पक्षी आवडायला लागले. पिलावर पंखांची सावली धरून दिवसभर उन्हात उभी असलेली आई मी पाहिली. त्यानंतर गिधाडाला कुणी कुरूप म्हटलं की मला राग येतो.

गिधाडं कमी होत चालली होती. ढोरांना टोचायच्या एका औषधाचा अंश मेलेल्या ढोरात राहतो आणि ते खाऊन पक्षी मरतात. म्हणून सरांनी आसपासच्या गावांत सांगून ठेवलं होतं, की ते औषध न टोचलेलं ढोर मेलं तर कळवा, आम्ही ते कड्याखाली नेऊ. एका सकाळी निरोप आला. जवळच्याच शेतात एक गोऱ्हा मरून पडला होता. मालकानं पायांना दोर बांधून दिला आणि तो बाजूला झाला. ओढणारं त्या गावात आता कुणी उरलं नव्हतं. सर म्हणाले, आपणच ओढू. दोघा मुलांनी दोर धरला, सरांनी धरला आणि मागचं टोक माझ्यापुढे केलं.

माझा हात पुढे गेला नाही. गावची मेलेली ढोरं ओढणं हे माझ्या आजोबांच्या गळ्यात जन्मानं पडलेलं काम. धम्म घेतला त्या दिवशी त्यांनी ते सोडलं. तेव्हापासून असल्या दोराला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात कुणी न सांगता पाळलं जायचं. मी सरांना तेलुगूत एवढंच म्हणाले, की आमच्या घरात हे सोडलेलं आहे. त्यांना किती कळलं कोण जाणे. जंगलात काम करायचं तर सगळंच करावं लागतं, असं म्हणून ते वळले. तिघं ओढत पुढे गेले आणि मी पाण्याचा कॅन घेऊन मागून चालले. दुपारी गिधाडं उतरली. इतक्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती, पण त्या दिवशी मला नीट बघवलंच नाही.

हैदराबादची जागा त्या दोघांतल्या एकाला मिळाली. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. तरी मला त्यांचा राग आला, आणि तो पुरता गेलेला नाही.

घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"तुह्या आज्यानं नाई म्हनलं तवा गावानं त्याले इहिरीवर येऊ देलं नाई," ते म्हणाले. "तू नाई म्हनली, अन् निस्ती जागा गेली. बरं केलं."

ते हात धुवायला उठले. मी तिथेच त्यांच्या ताटापाशी रडत बसले, कारण बाबांचं खरं होतं, आणि मला ती जागा अजूनही हवीच होती.